दगड झिजला, चुना उरला

मुरूडच्या समोर, समुद्रात, पद्मदुर्ग आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो कांसा बेटावर बांधून घेतला. जंजिरा पाहायला रीघ लागते; पद्मदुर्गाकडे त्या मानाने फार थोडे लोक वळतात. पण बांधकाम उभे कसे राहते आणि मोडते कसे, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने आधी इथे यावे. इथल्या तटाचा दगड झिजून आत गेला आहे आणि दोन दगडांमधला चुना जागच्या जागी राहिला आहे. चिऱ्याची जागा पोकळ आणि तिच्याभोवती चुन्याची चौकट पुढे आलेली. सगळी भिंत मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखी दिसते.

हे नवल आहे, कारण सहसा याच्या उलट घडते. दगडी भिंतीत दर्जेतला, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यातला, चुना दगडापेक्षा मऊ असतो, आणि तो तसाच असावा अशी अपेक्षा असते. ऊन, पाऊस, ओल यांचा मार चुन्याने खायचा, दगड वाचवायचा आणि काही वर्षांनी दर्जा पुन्हा भरून घ्यायच्या, अशी ती रीत. पद्मदुर्गावर मार दगडाने खाल्ला. कोकणातला काळा दगड हा लाव्ह्याचा. त्याचे सगळे थर सारखे घट्ट नसतात. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले असतील तर दगडाला भोके राहतात, आणि अशा दगडात खारे पाणी मुरते. भरतीला तुषार उडून दगड भिजतो, उन्हात वाळतो, आतल्या बारीक छिद्रांत मिठाचे स्फटिक धरतात आणि वाढताना कडा फोडतात. एका वेळी निघणारा कण धुळीएवढा असतो, पण शेकडो वर्षे दिवसातून दोनदा भरती येते.

चुन्याची गोष्ट वेगळी. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना हाती येतो. तो पाण्यात विरवायचा, मुरवायचा, वाळू घालून घाण्यात मळायचा. भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होऊ लागतो. बारीक भेग पडली तर पाण्यात विरघळलेला चुना तिच्यात उतरून साकळतो आणि ती बुजवतो. दगड एकदा झिजला की झिजला. चुना मात्र काही प्रमाणात स्वतःची दुरुस्ती करत राहतो. ज्या हातांनी तो मळला त्यांनी काम चोख केले होते, हेही खरे.

इथून वर अलिबागला कुलाबा किल्ला आहे. तिथे अगदी वेगळा विचार दिसतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचे काम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. कुलाब्याच्या समुद्राकडच्या तटात मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर रचले आहेत. लाट आदळली की पाणी सांध्यांमधून आत शिरते, त्याचा जोर मोडतो आणि ते आल्या वाटेने बाहेर पडते. भिंतीमागे पाणी साचून तिला बाहेर ढकलत नाही. एकाच समुद्राला दोन उत्तरे: एकात सांधा पाण्याला वाट देतो, दुसऱ्यात तोच सांधा सगळ्यांत चिवट ठरतो. दोन्हीकडे लक्ष सांध्याकडे जाते. भिंत नवी असती, गिलावा केलेली असती, तर हे कळलेच नसते.

वास्तुकाराला पडक्या वास्तूंचे वेड का असते, याचे उत्तर मला इथे सापडते. ते वेड पुष्कळदा गतवैभवाच्या हळहळीत जमा केले जाते. हळहळ असतेच, पण चांगल्या वास्तुकाराला पडक्या भिंतीत बांधकामाचा छेद दिसतो, जो कागदावर काढून समजावून सांगावा लागतो तोच, प्रत्यक्ष आणि खऱ्या मापात.

याच किनारपट्टीवर एका वास्तुकाराची कारकीर्द घडली. बिजॉय जैन यांचा जन्म मुंबईत १९६५ साली झाला. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुकलेचे शिक्षण घेऊन त्यांनी लॉस एंजेलिसला रिचर्ड मायर यांच्याकडे काम केले, पुढे काही काळ लंडनमध्ये. १९९५ मध्ये ते भारतात परतले आणि त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. पुढे ‘स्टुडिओ मुंबई’ या नावाने जगभर ओळखल्या गेलेल्या त्यांच्या कामाचा पाया अलिबागच्या बाजूला घातला गेला. मुंबईतल्या कार्यालयातून नकाशे पाठवायचे आणि ठेकेदाराने बांधायचे, ही नेहमीची पद्धत त्यांनी सोडली. सुतार, गवंडी, पाथरवट आणि वास्तुकार एकाच आवारात काम करू लागले. सुतारांच्या हाती वह्या आल्या आणि सांधा कसा बसेल याची चित्रे तेच काढू लागले. एखादी खिडकी, जिन्याच्या दोन पायऱ्यांची जोडणी, छपराचा कोपरा, असा भाग आधी पूर्ण मापात करून पाहायचा, उन्हापावसात ठेवायचा, मग ठरवायचे.

म्हणजे त्या आवारात घरे नव्हती, घरांचे तुकडे होते. २०१० मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला बिएनालेत जैन यांनी हेच नेऊन मांडले. काझुयो सेजिमा यांनी आखलेल्या त्या प्रदर्शनात स्टुडिओ मुंबईने आपल्या कार्यशाळेतल्या प्रतिकृती, साहित्याचे नमुने, पूर्ण मापातले भाग आणि चित्रे ठेवली. पुरे झालेल्या इमारतींच्या चकचकीत छायाचित्रांची जागा तिथे घडणाऱ्या वस्तूंनी घेतली होती.

त्याच वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांनी जे केले ते मला त्याहून मोलाचे वाटते. या संग्रहालयात एक मोठे दालन आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या स्मारकांचे प्लास्टरमध्ये साचे घेऊन केलेल्या खऱ्या मापाच्या प्रतिकृती तिथे आहेत: रोमचा ट्रेजनचा स्तंभ (दालनाच्या उंचीत मावेना म्हणून दोन तुकड्यांत उभा), चर्चची दारे, थडगी, पुतळे. जिथे दगड नेता येत नाही तिथे त्याचा साचा नेऊन विद्यार्थ्यांना शिकवायचे, हा त्यामागचा हेतू. या थोरामोठ्यांच्या मेळ्यात जैन यांनी मुंबईतल्या एका अरुंद घराची प्रतिकृती उभी केली. त्यांच्या कार्यालयामागे, दोन बांधकामांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एक कुटुंब राहत होते; त्या जागेवरून ती घेतली होती. माणसाच्या खांद्याएवढ्या रुंदीत झोपणे, बसणे, वर चढणे, एखादे झाड, थोडा उजेड, हे सगळे कसे बसवले होते, याचा पांढरा, निःशब्द साचा. ज्या घराची नोंद कुठल्याही दप्तरात धडपणे झाली नसती, ते ट्रेजनच्या स्तंभाशेजारी अभ्यासाची वस्तू झाले. जपण्यासारखे अवशेष कोणते हे ठरवण्याचा हक्क इथे एका वास्तुकाराने वापरला, आणि तो राजवाड्यासाठी वापरला नाही.

तुकड्यांचा असा ध्यास घेतलेला माणूस लंडनमध्ये दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. सर जॉन सोन (१७५३–१८३७) हे गवंड्याचे पुत्र. तरुणपणी शिष्यवृत्तीवर ते इटलीला गेले, तिथले भग्न रोम मोजून काढले आणि परत आल्यावर १७८८ पासून पंचेचाळीस वर्षे बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुकार राहिले. लिंकन्स इन फील्ड्समधल्या आपल्या घरात त्यांनी स्तंभांची शीर्षे, नक्षीचे तुकडे, कलश, साचे यांनी भिंती छतापर्यंत भरून टाकल्या. १८२४ मध्ये इजिप्तच्या सेती राजाची शवपेटीही विकत घेऊन तळघरात आणली. १८१२ साली तर त्यांनी आपलेच घर भविष्यात कुणा संशोधकाला पडक्या अवस्थेत सापडले आहे आणि तो ते काय असावे याचे तर्क करतो आहे, असे टिपण लिहिले. १८३० मध्ये त्यांचे सहकारी जोसेफ गँडी यांचे एक मोठे चित्र प्रदर्शनात लागले. त्यात बँक ऑफ इंग्लंड वरून पाहिल्यासारखी, छपरे उडालेली, भिंती अर्ध्यावर तुटलेली दिसते. बँक तेव्हा धडधाकट होती. ते चित्र भग्नावशेषाचे म्हणून पाहता येते आणि बांधकामाचा छेद म्हणूनही वाचता येते: पाया, तळघरे, कमानी, घुमट, सगळे एका नजरेत. पुढे विसाव्या शतकात हर्बर्ट बेकर यांनी बँक नव्याने बांधताना सोन यांचे काम बाहेरची भिंत वगळता बहुतेक पाडून टाकले. घर मात्र पार्लमेंटच्या १८३३ च्या कायद्यामुळे जसेच्या तसे राहिले.

सोन यांचे तुकडे दूरच्या साम्राज्यांचे होते, विकत घेतलेले. रायगडच्या किनाऱ्यावर तुकडे विकत घ्यावे लागत नाहीत.

रेवदंड्याला उतरून आगरकोटात, म्हणजे तिथल्या पोर्तुगीज किल्ल्यात, शिरले की हे लगेच कळते. रेवदंड्याला लागून असलेले चौल हे फार जुने बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत चेमुला म्हणून त्याचा उल्लेख येतो, आणि रशियन व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात इथेच उतरला. निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात खाडीच्या तोंडाशी वखार आणि मग किल्ला बांधला. १५७०–७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने घातलेला मोठा वेढा त्यांनी सोसला. वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली आणि लगोलग १७४० च्या तहाने हे ठाणेही मराठ्यांकडे आले. तटाच्या आत एक अख्खे शहर होते: चर्च, मठ, कोठारे, घरे. आज त्याच तटाच्या आत नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत, विहिरी आहेत, लोक राहतात. वाडीच्या मध्येच चर्चची कमान उभी असते. फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा लोकांच्या तोंडी सातखणी झाला आहे, जरी आता त्याचे सगळे खण उरलेले नाहीत.

वसईच्या किल्ल्यात पडक्या इमारतींभोवती मोकळी जागा आहे. रेवदंड्यात तसे नाही. इथे पडकी भिंत हा वाडीचा गडगा असतो, मनोऱ्याच्या सावलीत सुपारी वाळत असते. मला हे चांगले वाटते. वापरातल्या जागेवर लक्ष राहते. पण वापराचा एक तोटाही आहे: घडीव दगड तयार मिळत असताना कुणी नवा दगड फोडायला जात नाही. असे दगड घरांच्या पायात, ओट्यात, विहिरीच्या कठड्यात जातात. जगभर हेच झाले आहे. रोमच्या कलोसियमचा दगडसुद्धा पुढच्या शतकांत नव्या इमारतींना गेला.

रेवदंड्याच्या तटासारख्या जाड भिंती कशा बांधत, हे त्या फुटतात तिथे दिसते. बाहेरून-आतून घडीव दगडाचे दोन पदर आणि मध्ये दगडगोटे व चुन्याची भर. पदर सुटला की भर उघडी पडते, पावसाचे पाणी वरून आत शिरते, आणि मग पिंपळ किंवा वड त्या ओलीवर रुजतो. मुळे चुन्याच्या दर्जांमधून वाट काढत जातात, कारण ओल तिथेच असते. झाड लहान आहे तोवर भिंत वाचवता येते. खोड मनगटाएवढे झाले की मुळे ओढून काढणे म्हणजे भिंत ओढून काढणे. कमान मात्र इतर सगळे गेल्यावरही टिकते. तिचा प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो आणि वरचे ओझे जितके, तितकी पकड घट्ट. म्हणून पडक्या शहरात भिंती नसतात आणि दारे उभी असतात. मूळ गोव्याचे आणि मुंबईत वैद्यकी करणारे नाणेतज्ज्ञ जोसेफ गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या पुराणवस्तूंवर पुस्तक लिहिले. त्यानंतर सुमारे दीडशे पावसाळे गेले. आज उभे आहे त्याची मापे आजच घेतली पाहिजेत, दगडादगडाचे चित्र काढले पाहिजे. हे काम एखाद्या वास्तुकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनाही जमण्यासारखे आहे.

किनाऱ्यापासून आत, खुद्द रायगडावर, तुकडा वेगळाच आहे. तिथे राजवाड्याच्या भिंती नाहीत, जोती आहेत. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या, आग लागली आणि राजवाड्याचे लाकूडकाम जळून गेले. हिरोजी इंदुलकरांनी उभ्या केलेल्या राजवाड्याचे मुख्यतः दगडी जोते उरले. पुष्कळांना ते पाहून हिरमोड होतो. महाल कुठे आहे, असे विचारतात. मराठी वाड्याची रचना माहीत असली तर जोतेच पुष्कळ सांगते. आपल्याकडे वाड्याचा भार खांब-तुळयांच्या लाकडी सांगाड्यावर असे. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि खणांच्या हिशेबात घर मोजले जाई. खांबाखाली दगडी तळखडा. तळखड्यांच्या ओळी सापडल्या की खण मोजता येतात, खण कळले की तुळईची लांबी कळते, आणि त्यावरून छपराचा अंदाज बांधता येतो. दगडाचे काम जमिनीशी, लाकडाचे आभाळाशी, अशी ही वाटणी होती; त्यामुळे आग लागली तेव्हा काय जाणार आणि काय राहणार हे बांधतानाच ठरून गेले होते.

नांदगावला, मुरूडच्या अलीकडे, बिजॉय जैन यांनी २००७ मध्ये पुरे केलेले पाल्मिरा हाउस हे मला याच वाटणीतले घर वाटते. नारळाच्या वाडीत समोरासमोर दोन लांबट, दुमजली लाकडी इमारती आहेत. पाया काळ्या दगडाचा, सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, एकमेकांत गुंतवलेल्या सांध्यांनी जोडलेला. दर्शनी भागावर ताडाच्या खोडातून काढलेल्या पट्ट्या तिरक्या बसवल्या आहेत, त्यांतून वारा येतो आणि ऊन गाळून येते. ताडाचे खोड आत भुसभुशीत आणि बाहेरच्या कडेला काळे, तंतूंचे, अतिशय कठीण. किनाऱ्यावरचे लोक त्याचे वासे करतात ते म्हणूनच. पाणी आवारातल्या विहिरींचे. आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या २०१० च्या अंतिम यादीत हे घर होते. हे घर श्रीमंताचे सुट्टीचे घर आहे, हे विसरून चालणार नाही, आणि अलिबागच्या पट्ट्यात अशा घरांनी जमिनीचे भाव कुठे नेऊन ठेवले हेही स्थानिकांना माहीत आहे. तरी त्यातला बांधणीचा विचार सर्वांच्या कामाचा आहे: प्रत्येक भाग वेगळा ओळखू येतो, वेगळा काढता येतो आणि बदलता येतो.

काशिदच्या तारा हाउसमध्ये (२००५) त्यांनी अंगणाच्या खाली दगडी खोली केली, जिच्यात भूजल उतरते. चोंढीच्या कॉपर हाउसची जागा पावसाळ्यात पाण्याखाली जाते, म्हणून विहीर खणून निघालेली माती घालून जमीन उचलून घेतली आणि मग घर बांधले. दोन्ही ठिकाणी सुरुवात पाण्यापासून झाली, जशी ती कुलाब्याच्या तटाची झाली होती. २०२० मध्ये जैन यांना फिनलंडचे आल्वार आल्तो पदक मिळाले. डिसेंबर २०२३ मध्ये पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशनमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. तिथे इमारतींचे नकाशे नव्हते. दगडाची आणि भाजलेल्या मातीची शिल्पे, लिंपलेले पाट, दोरीने उमटवलेल्या रंगाच्या रेषा, साध्या घरांचे दर्शनी भाग आणि ताजियांवरून सुचलेल्या बांबूच्या रचना होत्या. व्हेनिसमध्ये तुकडे घराकडे नेणारे होते. पॅरिसमध्ये ते स्वतःच पुरे मानले गेले. मला वैयक्तिक ओढ पहिल्या प्रकाराची आहे, कारण त्यातून सुतार-गवंड्यांचे हात अधिक दिसतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या याच किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, रेवदंडा, अलिबाग, सगळीकडे नारळ-पोफळी आडव्या झाल्या, छपरे उडाली, कौलांचा चुरा झाला. एका दिवसात पडकी झालेली ती घरे पाहताना एक गोष्ट लक्षात येत होती: कौले गेली तरी जुन्या घरांचे खांब-तुळया पुष्कळ ठिकाणी उभ्या होत्या. कौलारू छपराला दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारणी लागते. फुटके कौल काढून नवे बसवायचे, वासा कुजला असेल तर तेवढाच बदलायचा. वादळानंतर कौले आणि कौले चढवणारी माणसे दोन्ही मिळेनाशी झाली आणि कित्येक छपरांवर पत्रे आले. ज्यांना तेही परवडले नाही किंवा ज्यांची मुले मुंबईत आहेत, त्यांनी घर विकले. जुने सागवानी खांब, दारे, कडीपाट विकत घेणारे व्यापारी आहेतच. असा खांब पुढे एखाद्या बंगल्यात, सिमेंटच्या छताखाली, कसलाही भार न घेता शोभेला उभा राहतो. लाकूड वाचले, हे खरे. पण तळखडा, खांब, तुळई यांचे नाते तुटले की त्या लाकडातली बुद्धी गेली. खांब विकत घेणाऱ्याने निदान त्याच्यावर भार तरी द्यावा, असे मला मनापासून वाटते.

समुद्रातल्या किल्ल्यांच्या दुरुस्तीतही प्रश्न सांध्याचाच आहे. चुन्याच्या भिंतीच्या दर्जा सिमेंटने भरणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय. सिमेंट कडक असते आणि ओल जाऊ देत नाही. भिंतीत शिरलेले खारे पाणी मग दर्जेतून बाहेर पडू शकत नाही, ते दगडातून बाहेर पडते, आणि मीठ दगडाच्या तोंडाशी साकळते. पद्मदुर्गावर जे शेकडो वर्षांत झाले ते अशा भिंतीत फार लवकर होते. उपाय माहीत आहे: चुना. तो विरवायला, मुरवायला आणि धरायला वेळ लागतो. भर पावसाळ्यात ते काम करता येत नाही, म्हणजे वर्षातले मोजके कोरडे महिने हाती राहतात, आणि त्यातही भरती-ओहोटीच्या वेळा पाहून बेटावर साहित्य न्यावे लागते. एका मोसमात बेत आखून, पैसे मंजूर करून, काम उरकून टाकण्याची सरकारी पद्धत या कामाला जुळत नाही. चुना मळणारे कारागीर वर्षभर, वर्षानुवर्षे कामावर राहतील अशी सोय लागेल. काम पद्मदुर्गापासून सुरू करावे. तिथे कसा चुना हवा, त्याचा नमुना भिंतीतच लागलेला आहे.